हैबती उतेकरची बाडं

हैबती उतेकरला माणसं आवडत नसत, आणि ही गोष्ट तो लपवूनही ठेवत नसे. महाडच्या कोर्टासमोर पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं टाइपरायटरचं टेबल होतं. समोर अशील बसलाय, बाजूला वकील उभा राहून मजकूर सांगतोय आणि हैबती टाइप करता करता नाकातल्या नाकात हसतोय, हे तिथलं रोजचं दृश्य. "वकीलसाहेब, एका वाक्यात 'सदरहू' किती वेळा घालायचं याला काही कायदा आहे का हो?" असं तो भर अशिलासमोर विचारायचा. वकील चरफडायचे, पण जातात कुठं? अख्ख्या तालुक्यात त्याच्याइतकं बिनचूक मराठी टाइप करणारं दुसरं कोणी नव्हतं. शेडमध्ये आणखी दोघं टायपिस्ट बसायचे. ते म्हणजे हैबतीच्या मते दोन कोंबड्या, नुसत्या टिपत बसलेल्या.

हे झालं पोटापाण्याचं. हैबतीचा जीव अडकला होता एका पत्र्याच्या ट्रंकेत. त्या ट्रंकेत बाडं होती, टीव्हीवरच्या मालिकांच्या संवादांच्या टाइप केलेल्या प्रती. पण सगळ्या मालिकांची नव्हेत, छे! सासवा-सुनांची बाडं त्यानं बंब पेटवायलाही वापरली नसती. पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषाची गोष्ट ज्या मालिकेनं पहिल्यांदा, नाक न मुरडता सांगितली, तिचंच बाड हैबती ठेवायचा. तेही शूटिंगात वापरलेलं हवं, समासात खरडलेलं हवं. कोरं बाड कोणी आणून दिलं तर तो ते दोन बोटांत धरून परत करायचा. "याला कोणाचा हात लागलेला नाही. हे बाड नव्हे, रद्दी आहे," म्हणायचा.

हा नाद लागला मुंबईत. हैबती मूळचा आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरावर असलेल्या उतेकरवाडीचा. दहावी झाल्यावर वाडीतल्या सगळ्या पोरांसारखा तोही मुंबईला गेला, वाडीच्या मंडळाच्या खोलीत तेरा जणांच्या पायांत पाय घालून झोपला, टायपिंग शिकला आणि अंधेरीला मालिका काढणाऱ्या एका कंपनीत चिकटला. तिथं लेखक यायचे. लेखकांविषयी त्याचं मत पुढं वकिलांविषयी झालं तेच होतं. दागिन्यांची चोरी, हरवलेला मुलगा आणि शेवटी देवासमोर रडारड. शिळ्या कढीला ऊत आणायचा आणि वर तोंड करून म्हणायचं, लोकांना हेच लागतं.

सत्त्याण्णव साली त्याच्या टेबलावर 'दोघांची खोली' येऊन पडली. एक कंपाउंडर आणि एक बँकेतला कारकून, दादरला एका खोलीत राहतात आणि एकमेकांवर त्यांचं प्रेम आहे. बस्स. कोणी साडी नेसत नाही, कोणी विष पीत नाही, कोणाला शेवटी डॉक्टर बरंही करत नाही. पोळ्या कोणी लाटायच्या यावरून दोघं भांडतात आणि रविवारी मिळून चादरी धुतात. पहिला भाग टाइप करताना तिसऱ्या पानावर हैबतीची बोटं थांबली. त्याला लग्न करायचं नव्हतं, कधीच नव्हतं. बाईकडं त्याचं मन एकदाही वळलं नव्हतं, पुरुषाकडं वळलं होतं, आणि एकतीस वर्षांत ही गोष्ट त्यानं कोणाच्या कानावर घातली नव्हती. स्वतःशी बोलतानाही तो आडवळणानंच जायचा. आणि इथं कोणीतरी ती सरळ लिहून त्याच्यापुढं टाकली होती, वर दुपारपर्यंत टाइप करून पाहिजे म्हणून घाईही केली होती.

शूटिंग झालं की वापरलेली बाडं कचऱ्यात जायची. हैबती ती उचलून आणायचा. समासात तीन हात भांडत असायचे. लाल शाई दिग्दर्शकाची, तिच्यात दिवे कुठं आणि कॅमेरा कुठं एवढंच. हिरवी शाई वाहिनीच्या एका साहेबाची. 'हात हातात नको. खांद्यावर चालेल.' 'पलंग एकच का? दोन दाखवा.' 'चादरी एकट्यानं धुवाव्या.' या गृहस्थाचा हैबतीला असा काही तिटकारा आला, की हिरव्या शाईचं पेन त्यानं पुन्हा कधी हातात धरलं नाही. आणि तिसरं पेन्सिलीचं बारीक, तिरकं अक्षर, कंपाउंडरचं काम करणाऱ्या नटाचं. 'इथं हसायचं नाही, त्याला कळेल.' 'चहा आधी आपण चाखून बघायचा, फार गरम आहे का.' बाडात नसलेला सगळा संसार त्या नटानं पेन्सिलीनं समासात मांडला होता.

सात भाग दाखवले आणि मालिका बंद पडली. लोकांची पत्रं आली म्हणे. "पत्रं! उचलली जीभ लावली टाळ्याला, आता पोस्टकार्डावर सुद्धा!" हैबती करवादला. आठवा भाग लिहून तयार होता, त्यावर लाल-हिरवी शाई फिरली होती, नटानं पेन्सिलीनं सगळं मांडून ठेवलं होतं, पण तो चित्रित झालाच नाही. शेवटच्या दिवशी नटानं आपली प्रत हैबतीच्या टेबलावर टाकली आणि म्हणाला, "फेकून दे." हैबतीनं ती पोटाशी धरून खोलीवर आणली. त्या भागाची नटाच्या हाताची तेवढीच एक प्रत जगात होती.

मग त्याला चटकच लागली. एका बंद पडलेल्या हिंदी मालिकेची चार बाडं त्यानं दिवे लावणाऱ्या माणसाकडून मिळवली. फोर्टच्या फुटपाथवर एक विलायती बाड सापडलं, ते शब्दकोश घेऊन दोन वर्षं वाचलं. तिथंही कुणा साहेबानं निळ्या शाईनं तेच काढलं होतं, जे इथं हिरव्या शाईनं काढत होते. "घरोघरी मातीच्या चुली," हैबती म्हणाला आणि त्याला जरा बरं वाटलं. गंजलेल्या पिना काढून त्यानं सगळी बाडं दोऱ्यानं शिवली.

दोन हजार एक साली कंपनीला टाळं लागलं आणि तो महाडला आला. पण महाडात पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरतं, तिथं कागद ठेवायचे म्हणजे मूर्खपणा. म्हणून ट्रंक गेली उतेकरवाडीला, थोरला भाऊ रायबाच्या घरी, चुलीवरच्या माळ्यावर. वाडीत बियाणं तिथंच ठेवतात. धुरामुळं वाळवी येत नाही की ओल धरत नाही. दर महिन्याला हैबती वर जायचा, बाडं काढून बघायचा, पुन्हा ठेवायचा. रायबा त्याच वेळी हमखास एखादं स्थळ काढायचा. "वरंधची पोरगी हाय. शिकलेली हाय. वय जास्त हाय, पन तुझं काय कमी हाय?" हैबती खेकसायचा, "मला वेळ नाही." अडतीस वर्षांच्या माणसाला लग्नाला वेळ नाही! पण रायबा भोळा, त्याला खरंच वाटायचं कोर्टात फार काम असतं.

एकदा रायबाच्या बायकोनं, भागूवहिनीनं विचारलं, "भावजी, काय हाय ओ त्या ट्रंकेत एवढं?"

"नाटकाचे कागद आहेत. तुम्हा लोकांना कळायचे नाहीत," हैबती म्हणाला. "गाढवाला गुळाची चव काय?"

वहिनी बिचारी चुलीकडं वळली. या माणसाला एक समजलं नाही, की जे तुम्हाला कळायचं नाही असं आपण लोकांना सांगतो, तेच लोक नेमकं लक्षात ठेवतात.

उतेकरवाडीत चैत्रात जननीदेवीची जत्रा असते आणि जत्रेत वाडीच्या पोरांचं नाटक असतं. नाटक कसलं, आरडाओरडा! अर्धे नट मुंबईहून आदल्या आठवड्यात सुट्टी काढून येणार, उरलेले गुरं सोडून तालमीला बसणार. त्यात एक जुनी रीत. पुस्तक आणलं की ते कापायचं. ज्याची वाक्यं त्याला द्यायची, त्यानं ती भाताच्या खळीनं वहीत चिकटवायची आणि शेजारी आधीच्या माणसाचे दोन शब्द लिहून घ्यायचे. याला म्हणायचं नक्कल. हातानं उतरवून काढायचा वेळ कोणाला आहे? छापील पानाच्या मागच्या बाजूचं हरवतं म्हणून पुस्तकं दोन आणावी लागतात, एवढीच काय ती अडचण. शाळेत असताना कात्री धरायचं काम हैबतीकडंच होतं, कारण त्याचा हात सरळ चालायचा.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष भागोजी कोर्टासमोर येऊन उभा राहिला. जत्रेत लाउडस्पीकर लावायला पोलिसांची परवानगी लागते, तिचा अर्ज टाइप करून हवा होता. हैबतीनं कागद चढवला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "यंदा कुठला गोंधळ घालताय? सांग. नाटकाचं नाव?"

"लिव. दोगांची खोली."

हैबतीनं ते टाइप केलं. पुढची अर्धी ओळही टाइप करून झाली, मग त्यानं यंत्रावरून मान वर केली.

"काय म्हणालास?"

"अरे, तुझंच की नाटक! ट्रंकेतलं. रायबादादानं काढून दिलं." भागोजी खूश होऊन सांगू लागला. "आमी ठरवलेलं पुस्तक खालच्या वाडीवाल्यांनी आदीच उचललं. मग रायबादादा म्हनाला, आमच्या हैबत्याकडं ट्रंकभर नाटकं पडल्यात. आठ नंबरचं बेश्ट निघालं. तीनच मानसं आनि बाईच नाय! नटी आनायचा ताप नाय, कोनाच्या पाया पडायला नको."

"कापलंत?" हैबतीनं विचारलं.

"आता कापायला नको? आनि तुझे कागद लय सोयीचे. एकाच बाजूला छापलेले. दुसरी प्रत लागलीच नाय!"

अर्ज यंत्रात तसाच ठेवून हैबती उठला. पोलादपूरवरून महाबळेश्वरला जाणारी दुपारची एसटी त्यानं पकडली. वाटेत कंडक्टरनं दोनदा विचारलं तरी त्याला उतरायचं ठिकाण सांगता आलं नाही. गाढवं! बेअक्कल, रेडे, दगड! त्याच्या डोळ्यांपुढं पेन्सिलीचं ते बारीक अक्षर येत होतं आणि त्यातून कात्री चालत होती. गाडीतून उतरून चढण चढताना रागानं त्याला धाप लागली, पण तो थांबला नाही.

देवळाच्या मंडपात तालीम चालली होती. चांगलं लखलखीत ऊन होतं. बायका एका बाजूला मिरच्या निवडत बसल्या होत्या, पोरं खांबाला लोंबकळत होती. मधोमध तिघं उभे, प्रत्येकाच्या हातात शाळेची वही. हैबती सरळ आत गेला आणि पहिल्याच्या हातातली वही हिसकली. पान पान कापून, खळीनं चिकटवून, खळ सुकून कागद कडक झालेला. लाल रेघा होत्या, हिरव्या होत्या, पेन्सिलही होती, पण सगळं तीन वह्यांत वाटून टाकलेलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" तो ओरडला. "काय आहे हे, ठाऊक तरी आहे का? जगात एक होतं हे, एक! तुमच्यासारख्या शेणात हात घालणाऱ्यांच्या हातात..."

"हैबत्या, हळू बोल. देऊळ हाय," रायबा म्हणाला. तो त्या तिघांतलाच एक होता. कारकुनाच्या थोरल्या भावाचं काम त्याला दिलं होतं. तो खरोखर गोंधळला होता. "मी म्हटलं, तुझं नाटक वाडीत झालं तर तुला आनंद होईल. पाप केलं काय मी?"

सगळ्यांना लाथा घालाव्यात असं हैबतीला वाटत होतं आणि शाळेत असताना ही कात्री आपल्याच हातात असायची, हेही त्याला त्याच वेळी आठवत होतं.

त्याच्या हातातली वही होती सोनबाची. सोनबा म्हणजे डोंगराच्या टोकाला म्हशी घेऊन राहणारा, हैबतीच्याच वयाचा, आवाज घोगरा, चौथी नापास. कंपाउंडरचं काम याला! हैबतीनं त्याच्याकडं असं पाहिलं, की दुसरा असता तर तिथून निघून गेला असता.

सोनबा जवळ आला आणि वहीत बोट ठेवून म्हणाला, "हैबत्या, ह्ये पेन्सिलीचं मला लागलं बग वाचायला. छापलेलं सोपं व्हतं, ह्ये बारीक. पन पाठ केलं मी. 'पिशवी भरताना त्याच्याकडं बगायचं नाय. बगितलं तर हात थांबेल.' असंच हाय ना? मग मी बगत नाय. बराबर करतो का, तेवडं सांग."

हैबतीनं वही त्याला परत दिली. सात वर्षं त्यानं ते वाक्य जपलं होतं, आणि तोंडी पाठ मात्र सोनबानं केलं होतं.

"बराबर आहे," तो कसाबसा म्हणाला.

तेवढ्यात तिसरा बोलला. हा दीपक, कारकुनाचं काम करणारा, मुंबईत कुठल्याशा सोसायटीत वॉचमन, केसांना थापलेलं तेल आणि कपाळावर काढलेली झुलपं. "भागोजीकाका नाय तोवर सांगतो, हा लास्ट डायलॉग मी नाय बोलनार. पब्लिक हसंल. आमच्या सोसायटीतली पोरं येनार हायत बगायला."

"कुठला?" रायबानं विचारलं.

"तोच. 'मला लग्न करायचं नाही. मला याच्याबरोबर राहायचंय.' काय बोलतात लोक अशानला, म्हाईत हाय का तुमाला? आपन तो काढून टाकू. त्याच्याजागी 'चल दादा, येतो घरी' टाकू. फिनिश."

बायकांत कोणीतरी खुदकन हसलं. पोरं खांबावरून खाली उतरली.

"काढून टाकू म्हणे!" हैबती कडाडला. तोच हिरवा साहेब केसांना तेल लावून उतेकरवाडीत अवतरला होता. "लिहिणाऱ्यानं लिहिलं, नटानं उभं केलं, आणि तू कोण रे टिकोजीराव काढून टाकणारा? नाचता येईना अंगण वाकडं! एक शब्द काढायचा नाही. एक अक्षर नाही!"

"मग तूच बोल की!" दीपकनं वही त्याच्या अंगावर फेकली आणि मंडपाच्या पायरीवर जाऊन बसला.

वही हैबतीच्या पायाशी पडली. ती उचलायची त्याला गरज नव्हती. कारकुनाचं वाक्यन् वाक्य त्यानं स्वतः टाइप केलं होतं, शंभरदा वाचलं होतं.

"ये की," सोनबा म्हणाला. "तालमीचा खोळंबा कशाला? तुला पाठ असंल."

वहिनीही म्हणाली, "भावजी, व्हा उभं. बगू तरी आमी, काय हाय त्ये."

अर्ध्या वाडीसमोर पाय मागं कसा घेणार? हैबती उभा राहिला. रायबानं घसा साफ केला, वही नाकापाशी धरली आणि पोर शाळेत वाचतं तशा सुरात वाचलं, "कपडे भर. घरी चल. आई वाट बघतेय. मुलगी बघून ठेवलीय, तुझं काही ऐकून घेणार नाही." आणि वहीवरून डोळे काढून त्यानं धाकट्या भावाकडं पाहिलं. नाटकातला भाऊ तसं बघतो म्हणून पाहिलं असेल, किंवा नेहमी बघायचा तसंच पाहिलं असेल.

सोनबा खाली बसून पिशवी भरू लागला. पिशवी कसली, युरियाची रिकामी गोणी. एक सदरा घातला, दुसरा घातला. मान वर केली नाही. म्हशी धुणारे ते जाड हात सदऱ्याची घडी अशी मोडीत होते आणि पुन्हा घालीत होते, की मिरच्या निवडणाऱ्या बायकांचेही हात थांबले. पेन्सिलीनं लिहिलेलं हैबतीच्या डोळ्यांसमोर घडत होतं. आता आपलं वाक्य आहे, हेही त्याला कळत होतं.

त्यानं तोंड उघडलं. आवाज निघेना.

रायबा समोर उभा. सख्खा भाऊ. टाइप करायचं असतं तर त्यानं ते एका दमात, बिनचूक केलं असतं.

"अडला," एक पोरगं म्हणालं. पायरीवरून दीपक हसला, "बगा! मला शिकवत व्हता."

हैबतीच्या कानशिलात रक्त तापलं. आयुष्यभर त्यानं ज्याला त्याला अक्कल शिकवली होती. वकील भित्रे, लेखक भित्रे, वाहिनीवाले भित्रे. आणि सात वर्षं ही बाडं ट्रंकेत कोंडून त्यांच्यावर नाग होऊन बसलेला हा शूर माणूस, त्यातलं एक वाक्य त्यानं कधी मोठ्यानं उच्चारून पाहिलं नव्हतं. माळ्याखालीही नाही, घाटातल्या रानातही नाही.

"चला, जाऊ द्या," तो पुटपुटला. "हे काही असं कुठंही करायचं नाटक नाही. मी उरलेले कागद घेऊन जातो."

सोनबा अजून गोणीपाशीच बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"हैबत्या," तो म्हणाला, "तू कागद राखतोस, मी म्हशी राखतो. पन मी दूद काढतो."

कोणी हसलं नाही. हैबती वळला होता, तो तिथंच थांबला. मग पुन्हा भावाकडं तोंड करून उभा राहिला.

"मला लग्न करायचं नाही, दादा," तो म्हणाला. बाडात 'दादा' नव्हता. आवाज फाटला, पण त्यानं तो फाटू दिला. "कधीच करायचं नव्हतं."

रायबानं घाईघाईनं वहीत पाहिलं. बोट ओळीवरून फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"ह्ये हितं लिवलेलं नाय रे," तो म्हणाला.

"नाही," हैबती म्हणाला. "लिहिलेलं नाही."

रायबानं वही मिटली, काखेत धरली आणि म्हणाला, "फुडचं बोल."